मधला चेंडू

राष्ट्रांची भवितव्यं रणांगणावर ठरतात, संसदेत ठरतात, क्वचित एखाद्या शूर माणसाच्या छातीतही ठरतात. सेंट बॅसिल या सार्वभौम राष्ट्राचं भवितव्य मात्र जूनमधल्या एका सोमवारी कॅनडातल्या हॅलिफॅक्सच्या फेरी टर्मिनलवर, कचऱ्याच्या काळ्या पिशवीत भिजत उभं होतं. पिशवीत सात रॅकेट्स होत्या. त्यातल्या सहांच्या तारा तुटल्या होत्या.

पिशवी धरणाऱ्या तरुणाचं नाव ओजस वानखडे. तो रांगेत होता. पण रांग सरकत होती आणि तो सरकत नव्हता. बाबागाडीवाल्या बाईला त्याने पुढे जाऊ दिलं, ते ठीकच होतं. काठीवाल्या आजोबांनाही. मग सायकलवाल्याला, मग सायकलवाल्याच्या मित्राला, मग कुणाचाच मित्र नसलेल्या एका धडधाकट माणसाला. प्रत्येकाला तो किंचित झुकून "आफ्टर यू" म्हणत होता. आठव्या "आफ्टर यू"नंतर गेट बंद झालं, भोंगा वाजला आणि बंदरापलीकडच्या डार्टमथची फेरी धुक्यात विरघळून गेली.

त्याने फोन काढला.

"आई, फेरी गेली... नाही गं, वेळेवर आलो होतो. अगदी पुढेच होतो."

"तुमच्यामुळे गेली," मागून आवाज आला. स्वच्छ मराठीत.

ओजस वळला. हिरव्या रेनकोटात एक मुलगी उभी होती. टोपीच्या कडेवरून ओघळलेला पावसाचा थेंब तिच्या नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबला होता, आणि ती इतकी चिडली होती की तो पुसायचंही तिला सुचत नव्हतं. ओजसने तो थेंब पाहिला. त्यानंतर फोनमध्ये आई काय बोलली, ते त्याला आजतागायत माहीत नाही.

"सॉरी," तो म्हणाला. "तुम्ही आधी बोलायचं होतं. मी तुम्हालाही पुढे जाऊ दिलं असतं."

"आणि तुम्ही?"

"मी... पुढच्या फेरीने."

"काही काम नाहीये का पलीकडे?"

"आहे ना. फार महत्त्वाचं आहे." त्याने खिशातून भिजका कागद काढला. "जी. मेश्राम म्हणून एक स्ट्रिंगर आहेत. रॅकेट्सना तारा भरतात. सहानंतर दार उघडत नाहीत म्हणे. फार कडक माणूस आहे."

मुलीने अखेर तो थेंब पुसला.

"बरोबर ऐकलंय," ती म्हणाली. "मीच ती."

पुढची फेरी पंधरा मिनिटांनी होती. ओजसला ती फार लवकर आली असं वाटलं.

·

सेंट बॅसिल हे बेट नकाशावर शोधायला चष्मा लागतो, आणि सापडल्यावर तो डाग नाही ना हे बघायला नकाशा पुसावा लागतो. पण त्याला झेंडा होता, राष्ट्रगीत होतं आणि पुरुषांचा टेनिस संघ होता. देशादेशांच्या टेनिसमध्ये वरती मोठे देश असतात, जे टीव्हीवर दिसतात. त्यांच्याखाली प्रत्येक खंडाचे गट. वर्षातून एकदा सगळ्यांनी एका गावी जमायचं, आठवडाभर खेळायचं. जिंकणारे वरच्या गटात चढतात, तळाचे खालच्या गटात पडतात. सेंट बॅसिल तिसऱ्या गटात होतं. चौथा गट शेवटचा. यंदाचा आठवडा खरं तर त्यांच्याच बेटावर व्हायचा, पण गेल्या सप्टेंबरच्या वादळाने तिथल्या एकुलत्या एका क्लबाचं छप्पर उचलून समुद्रात नेलं, आणि आठवडा हॅलिफॅक्सला आला.

जी. मेश्राम म्हणजे गौरांगी एरवी हॉस्पिटलात एक्स-रे काढायची आणि उरलेल्या वेळात आत्याच्या घराच्या बेसमेंटमध्ये रॅकेट्सच्या तारा भरायची. या आठवड्यासाठी तिने सुट्टी काढली होती. मशीनवर रॅकेट आवळून ती आधी उभ्या तारा ओढी, मग आडव्या. एक वरून, एक खालून. तिची बोटं भराभर चालत. ओजस वॉशिंग मशीनला टेकून ती बोटं बघत होता, आणि तारांकडे बघतोय असं दाखवत होता.

"ही सातवी कुणाची?"

"माझी."

तिने नखाने तार छेडली. ओल्या पापडासारखा आवाज आला.

"या कधी भरल्यात?"

"सहा वर्षं झाली. पण अजून एकही तुटली नाही."

"न खेळता कशी तुटेल?"

ओजस हसला. "मी चौथा खेळाडू आहे. चौथ्याने पाणी आणायचं, टाळ्या वाजवायच्या आणि फोटोत कडेला उभं राहायचं. संघातून सहा वर्षांत एक सामना खेळलेलो नाही. यंदा तर मी इथेच समुद्रावर पीएचडी करतोय, म्हणून माझं विमानाचं तिकीटही वाचलं."

"वाईट नाही वाटत?"

"कुणीतरी चौथं लागतंच ना."

तिने वर पाहिलं. हा माणूस हे खरंच मनापासून बोलतोय का, ते तिला तपासायचं होतं. बोलत होता. त्याचीच तिला जास्त चीड आली.

"आणि यंदा तळाला गेलात तर?"

"तर... संघच नाही." त्याचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "आमच्या टेनिस संघटनेचं पत्र आलंय. चौथ्या गटात पडलात तर पुढच्या वर्षीपासून संघ पाठवायचा नाही. आधी छप्पर, मग टेनिस. आमचे कप्तान ऑगस्टस ते पत्र शर्टाच्या खिशात घालून फिरतात. मी आठ वर्षांचा असताना त्यांनीच माझ्या हातात रॅकेट दिली होती. त्यांना खिशावर हात ठेवून चालताना बघवत नाही."

जिन्यावर पावलं वाजली. सुनंदाआत्या चहा घेऊन खाली आल्या. आत्या निवृत्त नर्स. पन्नास वर्षं कॅनडात राहूनही त्यांची भाषा नागपूरच्या बाहेर पडली नव्हती.

"जय भीम, आत्या," ओजस उठून उभा राहिला.

"जय भीम. कोण्या गावचा रे तू?"

"सेंट बॅसिल."

"ते राहू दे. खरं गाव सांग."

"अमरावती. बाबा तिथून बेटावरच्या मेडिकल कॉलेजात अ‍ॅनाटॉमी शिकवायला गेले. माझा जन्म तिकडचा."

"मग असं सांग ना. काहून बेटं मोजून राहिला?" आत्यांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "किती वाळला हा. टीममध्ये अजून कोण आहे? शुक्रवारी हॉलवर आपल्या मंडळाचं जेवण आहे, सगळ्यांना घेऊन ये. परक्या देशात लेकरं उपाशी फिरून राहिली."

"आत्या, त्यांची शनिवारी मॅच असेल," गौरांगी म्हणाली.

"मग शुक्रवारीच जेवतील ना. शनिवारी कोण बोलावते?"

संघाचा नाश करायला सेंट बॅसिलच्या शत्रूंनी जे केलं नसतं, ते आत्यांनी प्रेमाने ठरवून टाकलं.

·

बुधवारी गौरांगी रॅकेट्स द्यायला स्टेडियमवर गेली. स्टेडियम म्हणजे हवा भरलेला एक प्रचंड पांढरा फुगा. वर पाऊस टपटपत होता, आत चेंडू. तिसऱ्या खेळाडूचा घोटा सकाळीच मुरगळला होता, म्हणून सरावाला ओजस उभा होता. जोडीला संघाचा पहिला खेळाडू, उंचापुरा अल्रिक.

ओजसचा हात चांगला होता. चेंडू त्याच्या बाजूला आला की तो सुंदर परतवायचा. पण दोघांच्या मधोमध चेंडू आला की तो थांबायचा, किंचित झुकायचा आणि म्हणायचा, "युअर्स."

अल्रिकही थांबायचा. चेंडू दोघांच्या मधून, सत्कार स्वीकारल्यासारखा निघून जायचा.

"मधला चेंडू कुणाचा?" कप्तान ऑगस्टस बाकावरून विचारायचे. ते बेटावर पोस्टमास्तर होते. पत्त्यावर न पोचलेली गोष्ट त्यांना सहन होत नसे.

"त्याचा," ओजस म्हणायचा.

पाणी प्यायला तो आला तेव्हा गौरांगीने बाटली पुढे केली आणि सोडली नाही. क्षणभर दोघांचीही बोटं बाटलीवर होती.

"एक विचारू? 'माईन' म्हणायला काही अडचण आहे का?"

"अल्रिक माझ्यापेक्षा चांगला खेळतो."

"पण तो चेंडू तुमच्या उजव्या हाताला होता."

"हो, पण... त्याने घेतला तर जास्त बरं, असं वाटतं."

"आणि त्याने नाही घेतला की?"

तिने बाटली सोडली.

"तुमची सातवी रॅकेट," ती म्हणाली. "तारा नव्या भरल्यात. तुम्ही सांगितलं नव्हतं, माहीत आहे. सांगितलं नसतंच तुम्ही."

त्याने रॅकेट हातात घेतली, तळव्यावर हलकेच आपटली. टण्ण. त्या आवाजाने तो असा दचकला, जणू कुणी त्याला नावाने हाक मारली होती.

·

गुरुवारपर्यंत सेंट बॅसिल सगळे सामने हरलं. शनिवारी तळाच्या दोन संघांची शेवटची लढत: सेंट बॅसिल आणि इस्ला रोहा. दोन एकेरी, एक दुहेरी. हरेल तो चौथ्या गटात.

शुक्रवारी संध्याकाळी संघ हॉलवर जेवायला आला. बाबासाहेबांच्या तसबिरीला हार घातलेला होता, तिच्यासमोर लांब टेबलं मांडली होती. ऑगस्टसनी बसमध्येच खेळाडूंना बजावलं होतं, "आपण राष्ट्राचे प्रतिनिधी आहोत. यजमान जे वाढतील त्याला नाही म्हणायचं नाही."

दुसरा खेळाडू डेल्रॉय आज्ञाधारक होता. आत्यांनी पुरणपोळी वाढली, वर तुपाची धार सोडली. त्याने खाल्ली. पान रिकामं झालेलं दिसताच आत्यांनी दुसरी वाढली. आता, पानावर आडवा हात धरून "नको, नको, खरंच नको" असं निदान तीनदा म्हणायचं असतं, हे आपल्याला बाळपणापासून ठाऊक असतं. डेल्रॉयला ते कुणी सांगितलं नव्हतं. तो पान रिकामं करणं हा शिष्टाचार समजत होता, आणि आत्या रिकामं पान हा अपमान समजत होत्या. दोन सभ्य संस्कृती समोरासमोर उभ्या ठाकल्या आणि कुणीच माघार घेईना.

सातव्या पोळीला डेल्रॉयच्या कपाळावर घाम आला. ओजसने ते पाहिलं. त्याने तोंड उघडलं. पण आत्या वयाने मोठ्या, टेबलावर इतकी मोठी माणसं. कुणीतरी बोलेलच, असं त्याला वाटलं.

"घे बाप्पा अजून एक," आत्या म्हणाल्या. "उद्या खेळायचं आहे ना तुले?"

अकरा झाल्या.

जेवणानंतर ओजस बाहेर पोर्चमध्ये उभा होता. धुकं इतकं उतरलं होतं की पार्किंगमधल्या गाड्यांचे नुसते दिवे तरंगत होते. गौरांगी शेजारी येऊन उभी राहिली. तिच्या केसांना वेलचीचा वास येत होता.

"उद्या जिंकलो," तो धुक्याकडे बघत म्हणाला, "तर... मला तुम्हाला एक विचारायचंय."

तिच्या छातीत काहीतरी ताणलं गेलं. मशीनवर तार ओढताना शेवटी येतो तसा ताण.

"आत्ता विचारा."

"आत्ता नाही. जिंकलो तरच."

"आणि हरलात तर?"

"चौथ्या गटातल्या माणसाने काय विचारायचं? संघसुद्धा नसेल."

"पण तुम्ही तर खेळणारही नाही."

"नाही ना. अल्रिक आणि डेल्रॉय खेळतील."

"म्हणजे..." ती त्याच्याकडे वळली. "म्हणजे त्यांनी जिंकायचं, मग तुम्ही विचारायचं. हासुद्धा चेंडू त्यांच्याकडेच."

ओजसला उत्तर सुचलं, पण ते दुसऱ्या दिवशी दुपारी सुचलं. ती आत निघून गेली होती.

·

शनिवारी सकाळी डेल्रॉय उठला, बसला आणि पुन्हा आडवा झाला. तरी खेळला. पहिल्या एकेरीत तो प्रत्येक चेंडूकडे जड डोळ्यांनी बघत होता, ओळखीचा माणूस लांबून जाताना बघावा तसा. सव्वा तासात हरला आणि टॉवेल तोंडावर घेऊन बाकावर पडला. दुसरी एकेरी अल्रिकने जिंकली. एक-एक.

गौरांगी आत्यांबरोबर तिसऱ्या रांगेत बसली होती. आत्या डेल्रॉयकडे बघत होत्या. अपराधी माणसाला शोभेल अशी पर्स मांडीवर घट्ट धरून.

ऑगस्टस उठले. डेल्रॉयकडे पाहिलं. मुरगळलेल्या घोट्याकडे पाहिलं. मग पाण्याच्या बाटल्या रचणाऱ्या ओजसकडे पाहिलं.

"बेटा," ते म्हणाले, "बाटल्या खाली ठेव."

ओजसने मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

पहिला सेट गेला. दुसऱ्यात अल्रिक पेटला आणि सेट आला. तिसरा सेट सहा-सहावर अडला. आता टायब्रेक, सात गुण आणि निदान दोनची आघाडी, आणि त्यानंतर काही नाही: एक संघ तिसऱ्या गटात, एक संघ कुठेच नाही. फुग्यावर पाऊस वाढला होता. गौरांगीला त्या आवाजातही एक आवाज वेगळा ऐकू येत होता. टण्ण. तिने भरलेल्या तारांचा.

पण मधोमध आलेला प्रत्येक चेंडू "युअर्स" होता. अल्रिक धावून धावून दमला होता. दोन घेतले, तिसरा सुटला. सात-सात. आठ-आठ. ओजसने सर्व्हिस केली, अल्रिकने चेंडू जाळ्याजवळून परतवला, इस्ला रोहाच्या खेळाडूने तो त्यांच्या डोक्यावरून मारला. बाहेर जातो जातो म्हणताना तो रेघेवर पडला. आठ-नऊ.

"हरले का?" आत्यांनी विचारलं.

"अजून नाही. पुढचा गेला की हरले."

ऑगस्टसचा हात खिशावर होता. ओजसने आपल्या जागी जाताना एकदाच प्रेक्षकांकडे पाहिलं. गौरांगीने काही केलं नाही. ना हात हलवला, ना मान. नुसतं पाहिलं.

इस्ला रोहाची सर्व्हिस पडली. चेंडू आला, गेला, पुन्हा आला. ओजस जाळ्याकडे धावला. आणि मग पलीकडून एक फटका आला, सरळ, वेगात, दोघांच्या बरोबर मधोमध.

अल्रिक थांबला. सवयच झाली होती. तो ओजसच्या नेहमीच्या शब्दाची वाट बघत होता.

"माईन!"

ओजसचा आवाज फुग्यात घुमला. त्याने झेप घेतली, अल्रिकला खांद्याने बाजूला सारलं, हात पूर्ण लांबवला आणि चेंडू घेतला. टण्ण. चेंडू जाळ्याच्या पट्टीवर आदळला, पट्टीवरच चढला, तिथे थोडा वेळ बसल्यासारखा राहिला...

आणि अलीकडे पडला.

आठ-दहा. सेंट बॅसिल चौथ्या गटात.

·

आत्यांनी सगळ्यांना घरी जेवायला बोलावलं होतं. "हरलेल्याले तर आधी जेवू घालावं लागते," असं त्या म्हणाल्या, आणि कुणाचीही नाही म्हणायची ताकद उरली नव्हती. संध्याकाळच्या फेरीच्या रांगेत अख्खं राष्ट्र उभं होतं. ओजसने एका बाबागाडीला पुढे जाऊ दिलं. तो दुसऱ्या कुणासाठी झुकणार, इतक्यात गौरांगीने त्याची बाही धरली आणि त्याला गेटमधून आत ओढलं.

वरच्या डेकवर ऑगस्टस कठड्याला टेकून उभे होते. त्यांनी खिशातलं पत्र काढलं, उलगडलं आणि पावसात धरलं. शाई हळूहळू पसरत गेली.

"एकतीस वर्षांत माझ्या हातून एक पत्र हरवलेलं नाही," ते ओजसला म्हणाले. "हे पहिलं. मला यात काही लिहिलेलं दिसत नाही. तुला दिसतंय का?"

"नाही, सर."

"पुढच्या जूनला चौथा गट. तिथून खाली पडायला जागा नाही, तेवढी एक सोय आहे." आणि ते आत जाऊन बसले.

डेकवर दोघंच उरली. दूर धुक्याचा भोंगा वाजत होता. गौरांगीच्या नाकाच्या शेंड्यावर पुन्हा एक थेंब जमत होता.

"विचारा," ती म्हणाली.

"हरलो ना."

"मी स्कोअर विचारला नाही."

"सहा वर्षांत एकच घेतला," तो म्हणाला, "आणि तोही... थांबलो असतो तर कदाचित अल्रिकने—"

"अल्रिक उभा होता. मी बघत होते. तो चेंडू कुणीच घेतला नसता." तिने कठड्यावर हात ठेवला. "कालपासून मला वाटत होतं, अल्रिक आणि डेल्रॉय जिंकतील, तुम्ही येऊन विचाराल, आणि मी नाही म्हणेन. दुसऱ्यांनी जिंकलेल्या सामन्यावर कुणी मला काही विचारावं, हे मला नको होतं. आज पट्टीवर चेंडू बसला ना, तेव्हा... तेव्हा तो कुठेही पडला असता तरी मला चाललं असतं."

ओजसने कठडा सोडला. हात ओले होते, गार होते, आणि तिचे त्याहून गार होते.

"अजून दोन वर्षं मी इथे आहे. त्यापुढचं माहीत नाही. पासपोर्ट असा आहे की विमानतळावर लोक आधी नकाशा बघतात. रॅकेट एकच. पण... गौरांगी, माझ्याबरोबर राहशील? यापुढे फेरी चुकली तर दोघांची चुकेल."

"अहो-जाहो गेलं वाटतं."

"गेलं. चालेल?"

"उशीरच झाला जरा." आणि मग, अगदी हळू, "हो."

त्याने तिच्या नाकावरचा थेंब बोटाने पुसला. सोमवारपासून राहून गेलेलं काम होतं ते. फेरी हेलकावली, ती त्याच्या खांद्याला टेकली आणि टेकलेलीच राहिली. पलीकडचा किनारा धुक्यातून हळूहळू जवळ येत होता. दोघांनाही तो यायला नको होता.

मागे दार सरकलं. टॉवेल खांद्यावर टाकून, दाराच्या चौकटीचा आधार घेत डेल्रॉय उभा होता. चेहरा अजून पांढराफटक. त्याने एकदा त्यांच्या हातांकडे पाहिलं आणि संकोचाने घसा साफ केला.

"मिस गौरांगी... ती कालची गोड रोटी," तो म्हणाला, "घरी एखादी उरली असेल का? अर्धी असली तरी चालेल."